चूल न पेटवता पाहुणचार

एप्रिल-मेच्या उन्हात वडीगोद्रीत पाहुणे आले, की भज्यांची कढई चढते आणि घरची बाई चुलीपुढं भाजून निघते. त्यापेक्षा न शिजवता ताट सजवा.

मोठ्या ताटात मधोमध वाटीभर कैरीचा तक्कू ठेवा. भोवती काकडी, गाजर, टोमॅटोच्या चकत्या, कलिंगड आणि आपल्या जालन्याच्या मोसंबीच्या फोडी मांडा. लालशेजारी हिरवा रंग आला, की ताट उठून दिसतं. रिकाम्या जागी फुटाणे, भाजलेले शेंगदाणे.

हे नुसतं देखणं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक महिलांना रक्तक्षय आहे. फुटाण्यांतलं लोह अंगी लागायला कैरी-मोसंबीतलं 'क' जीवनसत्त्व मदत करतं. चहा अडथळा आणतो. म्हणून चहा तासाभरानं द्या.

हात, फळं, भाज्या धुऊनच चिरा. चिरलेलं झाकून ठेवा, तासाभरात संपवा. लहान मुलांना अख्खे दाणे देऊ नका, घशात अडकतात. मधुमेह असलेल्यांना काकडी जास्त, कलिंगड कमी वाढा.

आणि ताट मांडणारीनंही पाहुण्यांसोबतच बसून खावं. लोहाची गरज तिला सगळ्यांत जास्त आहे.