अनारसा तुपात ‘हसतो’ का? फराळाच्या वहीतलं ‘अंदाजे’ समजून घेऊया

चकली मऊ का पडते, लाडू दगड का होतो आणि आईच्या एका मुठीचं वजन किती? दिवाळीच्या पहाटेच्या ताटामागचं साधं विज्ञान

गेल्या दिवाळीत पहिल्या आंघोळीला पाच दिवस उरले होते. डोंबिवलीच्या आमच्या घरात कढईसमोर मी उभा होतो आणि आई खुर्चीवर बसली होती. पंधरवड्यापूर्वी बाथरूममध्ये पाय घसरून तिचं उजवं मनगट फ्रॅक्चर झालं होतं. हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे तोंडाने सूचना देणं एवढंच तिच्या हातात होतं.

पहिला अनारसा तुपात सोडला. काही सेकंदांत तो पसरला, मधोमध फाटला आणि त्याचा चुरा कढईभर तरंगायला लागला.

‘‘हसला,’’ आई म्हणाली.

तुपात सोडलेला अनारसा विरघळला की तो ‘हसला’ असं म्हणतात. आमचे त्या दिवशी एकापाठोपाठ एक चार हसले. मी इंजिनीअरिंग केलंय. चार वर्षं थर्मोडायनॅमिक्स आणि मटेरियल सायन्सची पुस्तकं उघडली, पण तांदूळ, गूळ आणि तूप या तीन गोष्टी मला जुळवता येत नव्हत्या. मग आजीची वही काढली. तिच्यात लिहिलं होतं, ‘गूळ अंदाजे घालावा.’

हा ‘अंदाजे’ म्हणजे नेमका किती, हे शोधण्यात पुढचे चार दिवस गेले. त्यातून जे कळलं, ते तुमच्याही कामी येईल.

‘अंदाजे’ म्हणजे किती?

मराठी घरातल्या पाककृती पूर्वी लिहिण्यासाठी नव्हत्याच. सासू करायची, सून शेजारी बसून बघायची. ‘पीठ हाताला लागलं पाहिजे’, ‘मूठ वळली पाहिजे’, ‘वास सुटला की उतरव’ ही सगळी मापंच होती, फक्त ती आकड्यांत नव्हती. कमलाबाई ओगले यांचं ‘रुचिरा’ १९७० मध्ये आलं आणि घराघरांत पोहोचलं. त्याचं एक कारण म्हणजे त्यातली मापं स्वयंपाकघरातली होती, वाटी आणि चमच्याची.

आमच्या घरातलं माप मात्र मूठ. म्हणून मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढला आणि आईला डाव्या हाताने मुठी भरायला सांगितल्या. पिठाच्या तीन मुठी निघाल्या ४८, ५१ आणि ४९ ग्रॅमच्या. मीही तीन भरल्या, त्या ६०, ७८ आणि ६६ च्या. जिला मी अंदाज म्हणत होतो, तिच्या मापात तीन ग्रॅमचा फरक होता. माझ्यात अठराचा.

‘‘उजव्याची मूठ याहून मोठी असते हं,’’ तिने बजावलं. म्हणजे तो आकडा प्लास्टर निघेपर्यंत मिळणार नव्हता.

अनारसा का हसतो?

आधी कृती थोडक्यात पाहू. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. मग उपसून कापडावर सावलीत पसरायचे. पूर्ण वाळवायचे नाहीत, ओलसर असतानाच दळायचे आणि पीठ चाळायचं. त्यात किसलेला गूळ आणि थोडं तूप घालून गोळे करून ठेवायचे. चार-पाच दिवसांनी खसखशीवर थापून मंद आचेवर तुपात तळायचे. खसखशीची बाजू वर ठेवायची. अनारसा उलटायचा नाही, झाऱ्याने वर तूप उडवायचं.

तीन दिवस भिजवताना तांदूळ हलका आंबतो, दाणा आतून मऊ होतो आणि पीठ बारीक निघतं. पुढे गूळ त्या पिठातला ओलावा ओढून घेतो आणि मुरतो. म्हणूनच कोरडं वाटणारं पीठ दोन दिवसांनी सैल झालेलं दिसतं.

आता खरी गोम. गव्हाच्या पिठात ग्लुटेन असतं, ते पीठ धरून ठेवतं. तांदळात ते नसतं. अनारशाला धरून ठेवणारी मुख्य गोष्ट म्हणजे गूळ, आणि गूळ तर उष्णतेने वितळतो. अनारसा तुपात गेल्यावर दोन गोष्टींची शर्यत लागते. एकीकडे गूळ वितळून सैल होत असतो, दुसरीकडे तांदळातला स्टार्च ओलाव्यात शिजून घट्ट होत असतो. गूळ किंवा ओलावा जास्त असेल, तर स्टार्च घट्ट होण्याआधीच सगळं पसरतं. अनारसा हसतो तो असा.

बेताचं असेल तर वितळलेला गूळ आणि बाहेर पडणारी वाफ मिळून छिद्रं पाडतात, पण सांगाडा टिकतो. हीच ती जाळी. अधिक मासात जावयाला ३३ अनारशांचं वाण देतात, तेव्हा सगळ्यांची नजर असते ती याच जाळीवर.

बहुतेक घरांत गूळ पिठाच्या बरोबरीने किंवा थोडा कमी घेतात. पण पीठ किती ओलं आहे, गूळ किती चिकट आहे आणि हवा किती दमट आहे, यावर हा ‘थोडा’ बदलतो. गूळ हवेतलंही पाणी ओढतो. त्यामुळे नागपूरच्या मावशीचं प्रमाण डोंबिवलीत जसंच्या तसं चालेलच असं नाही.

आईने सांगितलेला उपाय सोपा होता. सगळ्या पिठाला हात लावायचा नाही. एका गोळीएवढ्या पिठात चिमूट-चिमूट कोरडी तांदळाची पिठी मिसळून एकच अनारसा तळून बघायचा. जमला की त्या हिशोबाने बाकीच्या पिठात घालायची. उलट अनारसा कडक झाला, जाळी पडली नाही, तर किंचित दूध किंवा पिकलेल्या केळ्याचा छोटा तुकडा मळायचा. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि नमुना तपासायचा. कॉलेजच्या लॅबमध्ये आम्हाला हेच शिकवलं होतं.

चकलीची तीन दुखणी

चकलीबद्दल तीन तक्रारी असतात आणि तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

तेलात तुटते किंवा विरघळते : मोहन जास्त झालं. मोहन म्हणजे पिठात घातलेलं कडकडीत तेल. ते पिठाच्या कणांवर थर धरतं आणि कण एकमेकांना घट्ट चिकटू देत नाही. म्हणून चकली खुसखुशीत होते. थर फार झाला की कण सुटेच होतात.

दाताला लागते, कडक होते : मोहन कमी पडलं. भाजणीत मोहन घालून चोळल्यावर मुठीत दाबलेलं पीठ आकार धरतं का, हे बघतात ते यासाठीच.

दुसऱ्या दिवशी मऊ पडते : आच मोठी होती. तळणीचं तेल साधारण १७० ते १८० अंश सेल्सिअसला असतं, तर पाणी १०० अंशांना उकळतं. चकली तेलात पडल्यावर उठणारे बुडबुडे म्हणजे आतल्या पाण्याची वाफ. आच मोठी असेल तर बाहेरून रंग लवकर येतो, आपण फसून चकली बाहेर काढतो आणि आत पाणी राहून जातं. डब्यात गेल्यावर तेच पाणी सगळीकडे पसरतं. त्यामुळे रंगापेक्षा बुडबुड्यांकडे बघा. ते जवळजवळ थांबले की चकली झाली.

भाजणीचं प्रमाण घरोघरी बदलतं. आमच्याकडे चार वाट्या तांदळाला दोन वाट्या हरभऱ्याची डाळ, एक वाटी उडदाची डाळ, अर्धी वाटी मूग डाळ आणि वर धणे-जिरे. सगळं वेगवेगळं भाजायचं, कारण प्रत्येक दाण्याला लागणारा वेळ वेगळा. यातही ग्लुटेन नाही, म्हणून पीठ उकळत्या पाण्यात भिजवतात. गरम पाण्याने स्टार्च फुगतो, चिकट होतो आणि सोऱ्यातून चकली न तुटता पडते.

लाडू बसतो का, दगड होतो का?

रव्याच्या लाडवाचा सगळा खेळ एकतारी पाकाचा आहे. पाक जितका उकळतो, तितकं पाणी उडतं आणि साखर दाट होते. एका तारेवर थांबलात तर लाडू वळतो. पुढे गेलात तर गार होताना साखर घट्ट बसते आणि लाडू फोडायला बत्ता लागतो. लाडू वळण्याआधीच मिश्रण कोरडं पडलं असेल, तर दुधाचा हबका मारून थोडा वेळ झाकून ठेवा. मात्र दूध घातलेले लाडू लवकर संपवा.

बेसनाच्या लाडवात पाक नसतो, तिथे संयम लागतो. भाजायला घेतल्यावर बेसन आधी घट्ट गोळा होतं, मग हळूहळू सैल पडतं आणि कडेने तूप सुटतं. खमंग वास त्यानंतर येतो. पिठीसाखर घालायची ती मिश्रण कोमट झाल्यावरच. गरम असताना घातली तर मिश्रण पातळ होतं आणि लाडू बसतो, म्हणजे खालून चपटा होतो.

नवशिक्यांनी सुरुवात करावी ती शंकरपाळ्यांपासून. एक वाटी दूध, एक वाटी साखर, एक वाटी तूप आणि मावेल तेवढा मैदा. ‘मावेल तेवढा’ हेसुद्धा मापच आहे. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट झालं की थांबा.

पहाटेचं ताट सगळीकडे सारखं नसतं

हे सगळं ज्या सकाळसाठी करायचं, ती नरक चतुर्दशीची, आश्विन वद्य चतुर्दशीची. सूर्योदयाआधी तेल, उटणं, अभ्यंगस्नान. आमचं मूळ गाव संगमेश्वरकडचं, त्यामुळे तुळशीसमोर डाव्या पायाच्या अंगठ्याने कारीट फोडल्याशिवाय फराळाला हात लावायचा नाही. कारीट हे काकडीच्या कुळातलं छोटं कडू फळ. ते म्हणजे नरकासुर, असं समजून फोडतात. डोंबिवलीत ते बाजारात वाट्यावर मिळतं आणि फुटतं फ्लॅटच्या दारातल्या कुंडीशेजारी.

गोव्यात पहाटे नरकासुराचे पुतळे जाळले जातात आणि ताटात तळणापेक्षा मान असतो पोह्यांना. दुधातले, ताकातले, नारळाच्या रसातले गोड, बटाट्याचे असे अनेक प्रकार एकाच सकाळी होतात. कोकणातही नव्या भाताचे पोहे असतातच. म्हणजे चकली-अनारसे जमले नाहीत म्हणून ती सकाळ अडत नाही.

मग विकतच का आणू नये?

जरूर आणावा. हा प्रश्न मी आईलाही विचारला होता. माझ्या लहानपणी नोकरीवरून साडेसातला घरी आल्यावर ती रात्री एकपर्यंत तळत असायची. बाबा आणि मी हॉलमध्ये दिवाळी अंक वाचत चवीला पहिली चकली मागायचो. ‘घरचा फराळ’ या शब्दातलं ‘घर’ बहुतेक ठिकाणी एकच बाई होती. तिने थकून विकतचा डबा आणला तर परंपरा बुडाली म्हणण्याचा अधिकार हॉलमध्ये बसलेल्यांना नाही.

पण गेल्या वर्षी तिचा हात बांधलेला असताना एक गोष्ट लक्षात आली. तिला जे येतं ते घरात दुसऱ्या कुणालाच येत नव्हतं, कारण आम्ही कधी तिच्या शेजारी बसलोच नाही. आजीची वही अपुरी होती, कारण उरलेलं सगळं आईच्या हातात होतं. वर्षातून एकदा करायचा पदार्थ शिकायला दहा वर्षांत दहाच संधी मिळतात.

जर्मनीतल्या माझ्या मोठ्या भावाला दरवर्षी कुरिअरने डबा जातो. त्याने मागच्या दिवाळीत व्हिडिओ कॉलवर बघून स्वतः शंकरपाळे केले. ते जाड झाले, पण झाले.

फराळ करताना हे लक्षात ठेवा

- डबा भरण्याआधी पदार्थ पूर्ण गार होऊ द्या. कोमट असताना झाकण लावलं तर आत पाणी सुटतं.
- चिवड्याचे पातळ पोहे आधी उन्हात किंवा मंद आचेवर कोरडे करून घ्या. पोहे हवेतला ओलावा पटकन धरतात.
- तळण हवाबंद डब्यात, उजेडापासून दूर ठेवा. हवा आणि उजेडाने तेलाला खवट वास येतो.
- तळलेले पदार्थ वर्तमानपत्रावर काढू नका, छपाईची शाई पोटात जाते. असं करू नये, असं अन्न सुरक्षा प्राधिकरणानेही सांगितलं आहे.
- तेल काळपट झालं, फेस धरू लागलं किंवा लवकर धुरकटलं तर पुन्हा वापरू नका.

आणि आमचे अनारसे?

चार हसल्यानंतर पाचव्याला कडा धरल्या. सातव्याला जाळी पडली. पहिल्या आंघोळीच्या सकाळी कारीट फोडून झाल्यावर आईने डाव्या हाताने एक उचलला आणि उजेडात धरून बघितला. ‘‘गूळ अजून जरा कमी चालला असता,’’ म्हणाली आणि दुसरा घेतला.

आजीच्या वहीत त्या पानावर मी आता आकडे लिहिलेत. पिठाचं वजन, गुळाचं वजन, वरून घातलेली पिठी आणि त्या दिवशीची हवा. ‘अंदाजे’ मात्र खोडलेलं नाही. यंदा तुमच्या घरात जे कुणी फराळ करणार असेल, त्यांच्या शेजारी काटा आणि वही घेऊन बसा. निदान सोऱ्या तरी फिरवा. तांदूळ तीन दिवस भिजवावे लागतात, तेवढं विसरू नका.