शिकागोचा बोकडवाला विल्यम सियानिस

ग्रीसमधून आलेल्या विल्यम सियानिसनं १९३४ साली शिकागोत एक खाण्यापिण्याचा अड्डा विकत घेतला. किंमत २०५ डॉलर. चेक वटलाच नाही! पहिल्या शनिवार-रविवारच्या गल्ल्यातून पैसे चुकते केले म्हणे. पुढे एका ट्रकमधून पडलेला बोकड दुकानात शिरला, यानं तो पाळला, स्वतः बोकडदाढी वाढवली आणि पाटी लावली ‘बिली गोट टॅव्हर्न’.

१९४५च्या बेसबॉल वर्ल्ड सिरीजला तो बोकडासकट गेला. बोकडाचंही तिकीट होतं! तरी वास येतो म्हणून बोकडाला बाहेर काढलं. संतापून सियानिसनं शिकागोच्या कब्ज संघाला शाप दिला, अशी दंतकथा. कब्ज वर्ल्ड सिरीज जिंकले थेट २०१६ला. (माझ्या मते शापापेक्षा ही त्याची जाहिरातकला!)

१९६४मध्ये टॅव्हर्न मिशिगन अव्हेन्यूच्या खालच्या मजल्यावरच्या रस्त्यावर आलं. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्या शेजारीच, त्यामुळे पत्रकार आणि छापखान्यातले कामगार तिथलेच झाले. स्तंभलेखक माइक रॉयको तर कायमचा गिऱ्हाईक. सियानिस १९७०मध्ये वारला. पुतण्या सॅमनं धंदा सांभाळला. १९७८मध्ये ‘सॅटरडे नाइट लाइव्ह’ या टीव्ही कार्यक्रमानं विनोदी नट जॉन बेलुशीला घेऊन याच जागेवर बेतलेलं प्रहसन केलं: काहीही मागा, मिळणार चीजबर्गरच. फ्राइज नाहीत, चिप्स घ्या!