वाड्याच्या भिंतीवरील अक्षर

गेवराई तालुक्यातील चकलांबा हे गावाचे नाव पाटीवर रंगवावयाचे झाले, तर कोणताही अक्षरकार ते काम आनंदाने पत्करील. कारण त्यात ना वेलांटी, ना उकार, ना मात्रा. शिरोरेषेच्या वर अनुस्वाराचा एक ठिपका तेवढा, आणि खाली सगळे मोकळे. च आणि ब यांची पोटे दंडाच्या डाव्या अंगाला, तर क मधल्या दंडाच्या दोन्ही बाजूंनी फुललेला, असा तोल त्या नावात आयताच साधलेला आहे. कसोटी लागते ती मधल्या ल पाशी. मराठी वळणाचा ल दोन पाकळ्यांचा. उजवीकडे उभा दंड असलेला ल हिंदी छपाईच्या वळणाचा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने पाकळीचा ल आणि देठाचा श हीच मराठीची रूपे ठरविली, तरी संगणकातील तयार अक्षरसंच वापरून छापलेल्या पाट्यांवर दंडाचा ल बिनदिक्कत येऊन बसतो, आणि गावाचे नाव परक्या हाताने लिहिल्यासारखे दिसू लागते. ज्या भागात १९४८ पर्यंत निजामाच्या अमलामुळे कारभाराची जबान उर्दू होती, तेथे मराठी अक्षराच्या वळणाविषयी इतपत हट्ट धरणे मला तरी अवाजवी वाटत नाही.

हे सारे मनात येण्याचे कारण म्हणजे, जुन्या राजवाड्यांची आलिशान हॉटेले होऊ लागल्यापासून त्यांच्या पाट्यांचे आणि खास घडविलेल्या अक्षरांचे एक स्वतंत्र शास्त्रच उदयास आले आहे. त्या शास्त्राच्या मुळाशी एक विसंगती आहे, तिच्याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही: वाड्याला पाट्या कधी नव्हत्याच. देवडी कोणती, फडाची जागा कोणती, मुदपाकखान्याकडे वळावयाचे कोठून, हे तेथील शिलेदारापासून पाणक्यापर्यंत प्रत्येकाला ठाऊक असे, आणि ज्याला ठाऊक नसे त्याला चोपदार घेऊन जाई. पाटीची गरज लागली ती पैसे मोजून राहावयास येणाऱ्या परक्या पाहुण्यामुळे. तेव्हा अशा वास्तूतील पाटी ही जन्मानेच नवी वस्तू आहे, आणि तिला तीनशे वर्षांची म्हणून मिरविण्यासाठी मुद्दाम कळकट रंग देणे, तिच्या कडा झिजविणे, किंवा रोमन अक्षरांना वरून शिरोरेषेची दोरी बांधून टांगणे हा उघड बनाव होय.

बनाव न करता स्थानिक परंपरेचा आधार कसा घेता येईल, याचे उत्तम उदाहरण सावंतवाडीला आहे. मोती तलावाच्या काठी, अठराव्या शतकात तिसऱ्या खेम सावंतांच्या कारकिर्दीतला, जांभ्या दगडाचा तो राजवाडा. त्याच्या आवारात अलीकडे एक छोटेखानी हॉटेल सुरू झाले असून त्याची सजावट गंजिफांच्या, म्हणजे हाताने रंगविलेल्या वाटोळ्या पत्त्यांच्या, चित्रांवर बेतलेली आहे. गंजिफांचा हा उद्योग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जवळजवळ मावळला होता. तेथील राजघराण्याचे शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती विद्या स्वतः शिकून घेतली, दरबार सभागृहातच चित्रकारांना बसविले, आणि तो धंदा पुन्हा उभा केला.

गंजिफा या पाट्यांच्या किती जवळच्या आहेत, हे त्या खेळाचा विचार केल्यावर कळते. दशावतारी जोडात दहा रंग, प्रत्येक रंगाची बारा पाने, म्हणजे एकूण एकशेवीस वाटोळी पाने. त्यांवर अंक नाही, अक्षर नाही. मत्स्याच्या रंगात मासे मोजावयाचे, कूर्माच्या रंगात कासवे, परशुरामाच्या रंगात परशू. राजा आणि प्रधान आकृतीवरून ओळखावयाचे, आणि पानाच्या पार्श्वभूमीचा रंग तर डोळ्याच्या कोपऱ्यातूनही हेरता यावयाचा, कारण खेळाडूला समईच्या उजेडात हातातल्या पानांच्या गर्दीतून हवे ते पान क्षणात उपसावे लागे. मोगली जोडाचे आठ रंग तर ताज, शमशेर, गुलाम, बरात, कुमाश असे दरबारच्या कारखान्यांचेच नामाभिधान होते. मराठी, कोंकणी, कानडी, इंग्रजी यांपैकी कोणतीही भाषा येणाऱ्या पाहुण्याला दालन दाखविण्यासाठी याहून सरस चिन्हव्यवस्था कोणता आधुनिक आरेखक शोधून काढील?

अक्षर मात्र लागतेच, आणि तेथे दुसरा मोह आडवा येतो तो मोडीचा. मोडी ही आधी आडवी रेघ आखून, बोरू शक्यतो न उचलता, झरझर लिहावयाची दफ्तराची लिपी. कोरून ठेवावयाच्या मजकुराला बहुधा बाळबोधच योजीत. आज वाचणारे विरळा असलेली ती धावती लिपी पितळी पत्र्यावर ठोकून दालनाच्या दारावर लावणे म्हणजे पाहुण्याला चुकविणे. त्यापेक्षा बोरूच्या तिरप्या कापाने येणारा जाड-बारीकपणा राखून बाळबोध अक्षर नव्याने रेखाटावे. कमल शेडगे यांनी नाटकांची नावे ज्या रीतीने एकेका नाटकापुरती घडविली, त्या रीतीने एका वास्तूपुरते अक्षर घडविणे हे खरे काम. ‘सावंतवाडी’त वर अनुस्वार आणि वेलांटी दोन्ही असल्यामुळे शिरोरेषेच्या माथ्यावर जागा सोडावी लागते, म्हणून चकलांब्याला पुरणारी फळी त्याला अपुरी पडते.

कायद्याचेही येथे भान ठेवावे लागते. राज्याच्या दुकाने व आस्थापना अधिनियमात २०२२ साली सुधारणा होऊन नामफलकावर मराठी देवनागरी आधी आणि इतर लिपीहून लहान नाही, असे बंधन आले. शिवाय मद्य विकणाऱ्या आस्थापनेला थोर व्यक्तींचे वा गडकिल्ल्यांचे नाव लावण्यास मनाई झाली, जी गढीचे हॉटेल करू पाहणाऱ्या मालकाच्या मनसुब्याला थेट भिडते. पण नियमाचे आकडे जुळवून भागत नाही. वेलांट्या आणि उकारांना जागा द्यावी लागत असल्याने, फळीवर सारख्याच उंचीत बसविलेल्या दोन ओळींत देवनागरीचे अंग रोमन मोठ्या अक्षरांपुढे खुजे दिसते. म्हणून शिरोरेषेपासून पायापर्यंतचे माप धरून ते त्यांच्या बरोबरीला आणावे.

राहिला प्रश्न पाटी कशाची आणि कोठे लावावी याचा. कोकणच्या दमट हवेत पितळ काळवंडते, आणि सच्छिद्र जांभ्यात खिळे ठोकले की पाणी मुरावयास वाट मिळते. सावंतवाडीच्या चितार आळीत लाखकाम केलेल्या लाकडी वस्तू पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या आहेत. तशाच लाखेच्या फळ्या भिंतीला न ठोकता पडवीच्या तुळईला आकड्यांवर टांगाव्या, म्हणजे पावसाळ्यापूर्वी त्या उतरवून चिताऱ्याकडून पुन्हा लाख फिरवून घेता येतील, आणि दालनाचा वापर बदलला तर भिंतीला ओरखडाही न उठता फळी बदलता येईल.