सावकारी व्यवहार आणि कायदा

शेतकऱ्याचे कर्ज हा दोन व्यक्तींमधील खाजगी करार मानावा, की त्याच्या अटी ठरविण्याचा अधिकार शासनालाही असावा, हा प्रश्न दख्खनमध्ये 1875 साली तीव्रतेने उभा राहिला. त्या वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरा-दुकानांवर हल्ला करून कर्जरोखे जाळले. हे लोण अहमदनगर जिल्ह्यातही पसरले. जमावाचा रोख माणसांपेक्षा कागदांवर अधिक होता, कारण जमीन जात होती ती कागदाच्या जोरावर. न्यायालय रोख्यावरील आकडा पाहून हुकूमनामा देई. त्या आकड्यात मुद्दल किती आणि व्याजाचे व्याज किती, याची विचारपूस होत नसे.

चौकशीनंतर 1879 साली दख्खनमधील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा करण्यात आला. पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांत न्यायालयांना रोख्याच्या मागे जाऊन व्यवहाराचा इतिहास तपासण्याचा आणि हप्ते बांधून देण्याचा अधिकार मिळाला. केवळ कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकण्याची पद्धतही बंद झाली.

परंतु कायदा बदलला की व्यापाराची रीतही बदलते. गहाणखताची चौकशी होऊ लागताच सावकार गहाणाऐवजी खरेदीखत लिहून मागू लागले. कागदावर विक्री, तोंडी करार मात्र असा की रक्कम फिटल्यावर जमीन परत करावयाची. शेतकऱ्याची स्थिती अशाने पूर्वीपेक्षाही बिकट झाली; गहाणात निदान सोडवणुकीचा हक्क तरी लेखी असे. ही युक्ती आजही गावोगाव परिचयाची आहे.

पतपुरवठ्याची दुसरी सोय नसेल तर नुसत्या निर्बंधांनी काम भागत नाही. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. तरीही 1951-52 च्या अखिल भारतीय ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्यांच्या एकूण कर्जापैकी सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम 3.1 टक्के आढळला. सुमारे 70 टक्के कर्ज सावकारांकडूनच आले होते.

मुंबई राज्याने 1946 साली सावकारांसाठी परवान्याची पद्धत घालून दिली. तिची जागा आता महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 याने घेतली आहे. बँका व सहकारी संस्थांची कर्जे त्याच्या कक्षेत येत नाहीत. परवान्याशिवाय सावकारी करणाऱ्यास पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कर्ज देते वेळी परवाना नसेल, तर त्या कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालय सावकाराला हुकूमनामा देत नाही.

व्याजाचे दर शासन अधिसूचनेने ठरविते. 2014 च्या अधिसूचनेने शेतकऱ्यांसाठी तारणी कर्जास द.सा.द.शे. 9 आणि विनातारण कर्जास 12 असे दर ठरविण्यात आले. गावात व्याज महिन्याच्या हिशेबाने बोलले जात असल्याने फरक चटकन ध्यानात येत नाही. ‘शेकडा पाच’ म्हणजे वर्षाला 60 टक्के. वीस हजार रुपयांवर 12 टक्क्यांनी वर्षाचे व्याज 2,400 रुपये होते. शेकडा पाचने ते 12,000 रुपये होते. चक्रवाढ व्याज आकारता येत नाही. शिवाय दामदुपटीचा जुना दंडकही कायद्यात आहे: व्याजापोटी मुद्दलापेक्षा अधिक रक्कम वसूल करता येत नाही. वीस हजारांच्या कर्जावर व्याजाची एकूण वसुली वीस हजारांपुढे जाऊ शकत नाही, मग कितीही वर्षे लोटोत.

सावकाराने हिशेबाच्या वह्या ठेवल्या पाहिजेत, कर्जाचा तपशील कर्जदाराच्या भाषेत लिहून दिला पाहिजे आणि मिळालेल्या रकमेची पावती दिली पाहिजे. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा घेणे, अथवा दिल्यापेक्षा अधिक रक्कम लिहून घेणे हा गुन्हा आहे. पहिल्या महिन्याचे व्याज कापून घेऊन पूर्ण रकमेची चिठ्ठी लिहून घेण्याची सर्रास चाल याच सदरात मोडते.

खरेदीखताच्या जुन्या युक्तीला उत्तर देणारी तरतूद कलम 18 मध्ये आहे. सावकारीच्या ओघात तारण म्हणून दिलेली जमीन विक्री, गहाण, भाडेपट्टा, अदलाबदल किंवा अन्य मार्गाने सावकाराच्या ताब्यात गेली असेल, तर त्यापासून पंधरा वर्षांच्या आत कर्जदाराने जिल्हा निबंधकाकडे अर्ज करावा. हे काम सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे असते. दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकून, व्यवहार मुळात कर्जाचाच होता अशी खात्री पटल्यास, ते दस्त रद्द ठरवून जमीन परत देण्याचा आदेश देऊ शकतात.

गावपातळीवरील कार्यकर्त्याचे खरे साहाय्य येथेच होते. अर्जदारापाशी बहुधा पावती नसते. तेव्हा खरेदीखताची प्रत, सातबाऱ्यावरील नोंदी, पीक कोण काढीत होते याची माहिती, त्या काळातील बाजारभावाच्या मानाने दस्तातील किंमत किती कमी होती याचा पुरावा, आणि त्याच सावकाराने इतरांशी केलेले तसलेच व्यवहार, ही सामग्री गोळा करून द्यावी. किंमत अवास्तव कमी असणे आणि विक्रीनंतरही विकणाराच जमीन कसत राहणे, या दोन गोष्टी एकत्र आढळल्या तर त्या विशेष बोलक्या ठरतात. निर्णयाविरुद्ध विभागीय निबंधकाकडे एक महिन्याच्या आत अपील करता येते. म्हणून आदेशाची प्रत हाती पडल्याची तारीख लिहून ठेवावी.