वगळण्यावर सही कुणाची?

स्वातंत्र्यानंतरच्या भारतीय राजकारणावरचे एनसीईआरटीचे बारावीचे पाठ्यपुस्तक २००७ साली विद्यार्थ्यांच्या हाती पडले, तेव्हा दिल्लीत काँग्रेसच्या नेतृत्वाखालचे सरकार होते. तरीही त्या पुस्तकात आणीबाणीवर स्वतंत्र प्रकरण होते आणि १९८४ मधल्या शीखविरोधी हत्याकांडाचा उल्लेख होता. गुजरातमधल्या २००२ च्या दंगली होत्या, आणि त्या वेळी वाजपेयींनी मुख्यमंत्र्यांना दिलेला राजधर्माचा सल्लाही होता. नववी ते बारावीच्या या राज्यशास्त्राच्या पुस्तकांचे मुख्य सल्लागार होते पुण्याचे सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने घोकंपट्टी कमी करून मुलांना विचार करायला लावा असे सांगितले होते, आणि या पुस्तकांनी ते शब्दशः मनावर घेतले. पानोपानी व्यंगचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे, आणि समासात उन्नी-मुन्नी नावाची दोन आगाऊ मुले, शिक्षकांना अडचणीत आणणारे प्रश्न विचारणारी. राजकारणात मतभेद असतात ही गोष्ट मुलांपासून लपवायची नाही, हा त्यामागचा विचार होता. पुढच्या पंधरा-सोळा वर्षांत या पुस्तकांचे जे झाले त्यातून शालेय अभ्यासक्रमातील राजकीय पक्षपाताबद्दल जेवढे शिकता येते, तेवढे 'डावे विरुद्ध उजवे' या नेहमीच्या भांडणातून शिकता येत नाही.

पहिली कात्री लागली ती २०१२ साली, आणि ती चालवली पुस्तके काढणाऱ्याच राजवटीने. अकरावीच्या संविधानावरील पुस्तकात शंकर यांचे १९४९ मधले एक व्यंगचित्र होते: गोगलगाईवर बसलेले बाबासाहेब आंबेडकर, आणि तिला हाकायला मागे चाबूक घेऊन उभे असलेले नेहरू. घटना तयार व्हायला जवळपास तीन वर्षे का लागली, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवण्यासाठी ते चित्र छापले होते. घटना समितीने प्रत्येक कलमावर कसून चर्चा केली म्हणून वेळ लागला, असे त्या प्रकरणाचेच म्हणणे होते. पण ११ मे रोजी संसदेत गदारोळ झाला, मंत्री कपिल सिब्बल यांनी दिलगिरी व्यक्त करून चित्र काढण्याची घोषणा केली, आणि दुसऱ्या दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची मोडतोड झाली. दोन्ही सल्लागारांनी राजीनामे दिले. आंबेडकरी समाजाला त्या चित्रातला चाबूक का बोचला असेल, हे समजणे अवघड नाही. आक्षेपाला आधार होता. पण आक्षेपावर चर्चा होण्याआधीच निर्णय जाहीर झाला. नंतर सुखदेव थोरात यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने आणखी काही चित्रे काढायला सांगितली, आणि समितीतले एक सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी त्याविरुद्ध आपले वेगळे मत नोंदवले. कुणी काय सुचवले आणि कुणी विरोध केला हे निदान या टप्प्यावर कागदावर आले, एवढे लक्षात ठेवावे.

दुसरी कात्री २०२२ ची. करोनाकाळात अभ्यास मागे पडला, मुलांवरचे ओझे कमी करायचे, असे कारण देण्यात आले. त्यात बारावीच्या राज्यशास्त्रातून गुजरातच्या दंगली गेल्या, आणीबाणीवरचा मजकूर आखडला, इतिहासातून मुघल दरबारांवरचे प्रकरण गेले, दहावीच्या विज्ञानातून उत्क्रांतीचा सिद्धांत गेला. वगळलेल्या भागांची यादी एनसीईआरटीने प्रसिद्ध केली होती. मात्र २०२३ च्या एप्रिलमध्ये वृत्तपत्रांनी जुनी-नवी पुस्तके शेजारी ठेवून पाहिली, तेव्हा यादीत नसलेली वगळणीही सापडली. गांधीहत्येनंतर रा. स्व. संघावर आलेली बंदी आणि हिंदू-मुस्लिम ऐक्याच्या आग्रहामुळे गांधीजींवर असलेला राग यांविषयीची वाक्ये बारावीतून नाहीशी झाली होती. नथुराम गोडसेचे वर्णन 'पुण्याचा ब्राह्मण' असे होते, तेही गेले होते. यातले शेवटचे वगळणे मला व्यक्तिशः समर्थनीय वाटते, कारण खुन्याच्या जातीचा उल्लेख विद्यार्थ्याला फारसे काही शिकवत नाही. पण मग ते यादीत का नव्हते? नजरचुकीने राहिले असेल, असे संचालक म्हणाले. जून २०२३ मध्ये पळशीकर आणि यादव यांनी आपली नावे पुस्तकांतून काढावीत अशी मागणी केली, पाठोपाठ आणखी तेहतीस अभ्यासकांनीही केली. संस्थेने उत्तर दिले की शालेय पुस्तके हे सामूहिक काम असते, प्रताधिकार आमचा आहे, त्यामुळे कुणा व्यक्तीने अंग काढून घेण्याचा प्रश्नच येत नाही. म्हणजे ज्यांनी मजकूर लिहिला त्यांना तो आपला म्हणायचा नव्हता, आणि ज्यांनी कापला त्यांची नावे कुठे नव्हती.

माझ्या मते खरा प्रश्न इथे आहे. पाठ्यपुस्तकातला पक्षपात म्हटले की आपण घातलेल्या मजकुराकडे बोट दाखवतो. कर्नाटकात २०२२ मध्ये हेडगेवारांचे भाषण दहावीच्या कन्नड पुस्तकात आले आणि २०२३ मध्ये सरकार बदलताच बाहेर गेले. राजस्थानात सावरकरांच्या नावामागचे 'वीर' सरकारांबरोबर ये-जा करत राहिले. हे हास्यास्पद आहे, पण घातलेला मजकूर डोळ्यांसमोर असतो आणि त्याच्याशी भांडता येते. एनसीईआरटीच्या आठवीच्या नव्या सामाजिक शास्त्रांच्या पुस्तकात मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेरही दाखवले गेले, तेव्हा २०२५ मध्ये जैसलमेरच्या माजी राजघराण्यातून जाहीर आक्षेप आला, आणि संस्थेला तपासणीसाठी समिती नेमावी लागली. मराठी वाचकाला तो नकाशा सुखावणारा असला, तरी तो वादात सापडला हे चांगलेच झाले. पुरावा असेल तर तो मांडला जाईल. वगळलेल्या परिच्छेदावर मात्र पंधरा-सोळा वर्षांचे मूल आक्षेप कसा घेणार? तिथे काही होते हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून वगळणे हा पक्षपाताचा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत टिकाऊ प्रकार आहे. बालभारतीने २०१७ मध्ये सातवीचा इतिहास मराठ्यांभोवती रचताना मुघलांचा भाग बराच कमी केला, त्यालाही हीच कसोटी लावायला हवी. महाराष्ट्रातल्या मुलाने महाराष्ट्राच्या नजरेतून इतिहास शिकावा, यात गैर काही नाही. पण मराठे ज्यांच्याशी लढले आणि पुढे ज्यांच्या बादशहाच्या नावाने कारभार केला, ते मुघल पुसट झाले की मराठ्यांचे कर्तृत्वही नीट कळत नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. आधीची पुस्तके तरी कुठे निष्पक्ष होती? रोमिला थापर, बिपनचंद्र, रामशरण शर्मा यांनी साठ-सत्तरच्या दशकांत लिहिलेल्या पुस्तकांना एक ठाम वैचारिक बाजू होती, आणि इतर दृष्टिकोनांना त्यांत जागा कमी होती, हे मान्य करायला हवे. जनता पक्षाचे सरकार आले तेव्हा त्यांच्या पुस्तकांविरुद्ध पंतप्रधान मोरारजी देसाईंकडे एक टिपण गेले, आणि शर्मांचे प्राचीन भारतावरचे पुस्तक अभ्यासक्रमातून काढले गेले. ते टिपण निनावी होते. पुस्तकांवर मात्र लेखकांची नावे होती. थापरबाईंचे म्हणणे चूक वाटले तर त्यांना उत्तर देता येत होते, आणि अनेकांनी ते दिलेही. एकेका लेखकाचा पक्षपात उघड असतो. मंत्रालय आणि संस्था यांच्या मधल्या कुठल्याशा खोलीत ठरलेल्या वगळण्याला उत्तर द्यायला समोर कुणी नसते.

मग पुस्तक निष्पक्ष कसे करायचे? बहुधा ते करताच येणार नाही, आणि तसा दावा करणाऱ्यापासून जपूनच राहावे. पश्चिम जर्मनीत सत्तरच्या दशकात नागरिकशास्त्रावरून राज्याराज्यांत असेच पक्षीय रण माजले होते. १९७६ मध्ये बॉयटल्सबाख या गावी वेगवेगळ्या पक्षांच्या विचारांचे अभ्यासक जमले. मतदान झाले नाही, ठराव झाला नाही; हान्स-गेओर्ग व्हेलिंग यांनी चर्चेतले एकमताचे मुद्दे नंतर लिहून काढले, आणि तेच तिथल्या राजकीय शिक्षणाचा पाया ठरले. शिक्षकाने आपले मत विद्यार्थ्यावर लादू नये. अभ्यासकांत आणि राजकारणात जे वादग्रस्त आहे, ते वर्गातही वादग्रस्त म्हणूनच मांडावे. आणि विद्यार्थ्याला आपली परिस्थिती, आपले हित ओळखून विचार करता यावा. यावर कुणी म्हणेल की मग डार्विनलाही वादग्रस्त ठरवून दोन बाजू शिकवा. नाही. वाद अभ्यासकांमध्ये असायला हवा, नुसता आरडाओरडा पुरत नाही, आणि उत्क्रांती घडली की नाही यावर जीवशास्त्रज्ञांत वाद नाही. आणीबाणी लादणे योग्य होते का, आरक्षण कुणाला असावे, हे प्रश्न मात्र मूल्यांचे आहेत. तिथे एकच उत्तर छापणे ही लबाडी आहे.

मुलांचे वय कोवळे असते, दंगली शिकवून द्वेष का पेरायचा, असाही मुद्दा असतो. २०२४ मध्ये बारावीच्या पुस्तकातून बाबरी मशिदीचे नाव जाऊन 'तीन घुमटांची वास्तू' आली आणि अयोध्येवरचा भाग निम्म्यावर आला, तेव्हा संचालकांनी साधारण याच अर्थाचे समर्थन केले. पाचवीच्या मुलाबाबत मी ते ऐकून घेईन. बारावीचा विद्यार्थी मात्र वर्षभरात मतदार होतो, आणि त्याच्या फोनवर अयोध्येबद्दल जे येते त्यातल्या कशालाही कुणी संपादक नसतो. शाळेने मौन पाळले की तो विषय संपत नाही, व्हॉट्सॲपकडे जातो. परीक्षेची अडचण याहून खरी आहे. 'तुमचे मत लिहा' या प्रश्नाला बोर्डाच्या आदर्श उत्तरपत्रिकेत गुण कसे द्यायचे? लाखो पेपर तपासणाऱ्या शिक्षकांना ठरलेले मुद्दे लागतात, आणि सरकारी सेवेतला शिक्षक वर्गात वादग्रस्त बोलायला बिचकतो, कारण तक्रार झाली तर त्याच्या मागे कुणी उभे राहत नाही. उन्नी-मुन्नीचे प्रश्न अनेक वर्गांत त्यामुळेच वाचलेसुद्धा गेले नसावेत. चांगले पुस्तक एकट्याने फार पुढे नेत नाही, हे मान्य.

म्हणूनच बदल आधी हवा तो प्रक्रियेत. प्रत्येक बदलाची यादी, त्याचे कारण आणि सुचवणाऱ्या समितीची नावे छापील पुस्तकातच द्यावीत. वगळणाऱ्याची सही लिहिणाऱ्याच्या सहीइतकीच ठळक असावी. ही कल्पना नवी नाही. २००५ मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या एका समितीने, जिच्या कामात झोया हसन आणि मराठी वाचकांना परिचित असलेले गोपाळ गुरू होते, पाठ्यपुस्तकांवर देखरेख ठेवणारी स्वतंत्र राष्ट्रीय परिषद सुचवली होती. त्यानंतर काँग्रेसच्या आघाडीचे सरकार नऊ वर्षे होते, त्याने ती नेमली नाही. नंतरच्या सरकारनेही नेमली नाही. केरळने २०२३ मध्ये वगळलेला भाग परत शिकवण्यासाठी अकरावी-बारावीला स्वतःच्या पुरवणी पुस्तिका छापल्या. त्यासाठीही आधी तिथे वेगळ्या पक्षाचे सरकार असावे लागले.