उडता घोडा चालतो, दोन नवरदेव चालत नाहीत

श्रीधरकवींनी शके 1640 मध्ये, म्हणजे 1718 साली, बारामतीत ‘शिवलीलामृत’ पूर्ण केलं. श्रावणात घरोघरी वाचल्या जाणाऱ्या या पोथीत सीमंतिनीच्या आख्यानाला लागून विदर्भातल्या दोन ब्राह्मणपुत्रांची गोष्ट येते. ती मूळची स्कंदपुराणातली. सुमेधा आणि सामवान हे जिवलग मित्र. विद्या झाली, पण लग्नाला गाठीशी पैसा नाही. विदर्भाचा राजा तोडगा काढतो: सीमंतिनी राणी सोमवारी दांपत्यांची पूजा करून दान देते, तेव्हा एकाने बाईचा वेष घ्यावा आणि दोघांनी जोडपं म्हणून जावं. राणीला सोंग कळतं. तरी ती त्यांना शिवपार्वती मानूनच पूजते, आणि तिच्या भक्तीच्या बळाने सामवान खरोखरच स्त्री होतो. परतीच्या वाटेवर स्त्री झालेला सामवान सुमेधापाशी प्रेमाची मागणी करतो, तेव्हा सुमेधा चक्रावतो.

कल्पित जग रचू पाहणाऱ्याने लक्ष द्यावं ते यापुढच्या भागाकडे. सामवानाचा बाप राजापुढे रडतो ते एकुलता एक मुलगा गेला, वंश बुडाला, आता पिंड कोण देणार म्हणून. देवीला साकडं घातलं जातं. देवी राणीचं केलेलं मोडत नाही. बापाला दुसरा मुलगा देते आणि या मुलीचं सुमेधाशी लग्न लावायला सांगते. वंशाचा हिशेब मिटतो, तशी हरकतही मिटते. अर्थात एकाचा देह बदलल्यावरच. दोन पुरुष म्हणून त्यांना या अद्भुत जगातही थारा नाही. पण हरकत कुठून आली आणि कशाने शमली, हे श्रोत्याला स्वच्छ दिसतं. आजच्या पुष्कळ कल्पितकथांना एवढंही साधत नाही.

सूड, युद्ध, शाप, जादू यांची कारणं लेखक पानोपानी पुरवतो. समलिंगी प्रेमाबद्दलचा तिरस्कार मात्र जणू हवा-पाण्यासारखा आधीपासून होताच, असं धरून चालतो. तिरस्काराला यंत्रणा लागते. त्याचा फायदा कुणाला, तो राबवतं कोण, आणि त्यातून निसटतं कोण, या तीन प्रश्नांची उत्तरं ज्या जगात सापडत नाहीत तिथे तो केवळ सजावट म्हणून उरतो.

इंग्रजीत या विषयाचे बरेच प्रयोग झाले. मर्सिडीज लॅकी यांच्या 1989 च्या ‘मॅजिक्स पॉन’मध्ये नायक व्हॅनिएल हा सरदाराचा मुलगा, बापाला तलवार चालवणारा वारस हवा आहे आणि मुलाचं प्रेम दुसऱ्या मुलावर आहे. त्या काळी असा नायक मिळणंच मोठं होतं. त्याआधी दोन वर्षं एलन कुशनर यांनी ‘स्वोर्ड्सपॉइंट’मध्ये उलटी वाट धरली होती: तलवारबाज आणि त्याचा प्रियकर एकत्र राहतात, आणि शहराला त्याचं काही वाटत नाही. सामंथा शॅनन यांच्या 2019 च्या ‘द प्रायरी ऑफ द ऑरेंज ट्री’मध्ये राणीचं एका स्त्रीवर प्रेम आहे. तिथे दोघींचं स्त्री असणं आड येत नाही. आड येतात धर्मभेद, दर्जा आणि गादीला वारस देण्याची सक्ती. पूर्वग्रह काढून टाकला तरी वारसाचा प्रश्न जागच्या जागी राहतो, हे शॅनन यांनी ओळखलं.

उलट उदाहरण ‘गेम ऑफ थ्रोन्स’चं. जॉर्ज मार्टिन यांच्या पुस्तकात रेनली आणि लोरास या दोन पुरुषांचं नातं आडून सुचवलेलं आहे. मालिकेने ते उघड दाखवलं आणि पुढे धर्मरक्षकांच्या फौजेकडून लोरासला याच कारणासाठी तुरुंगात टाकवलं. तोवर लोरासजवळ शौर्य होतं, हट्ट होता, प्रेम होतं. कोठडीत गेल्यावर तो फक्त बळी उरला. छळ दाखवण्यात गैर काही नाही. गैर आहे ते छळापलीकडे पात्राला काहीच शिल्लक न ठेवण्यात.

भारतीय वाचकाला सर्वांत जवळचं वाटावं असं पुस्तक म्हणजे सेथ डिकिन्सन यांचं 2015 चं ‘द ट्रेटर बारू कॉर्मोरंट’. नायिका बारूला तिच्या बेटावर एक आई आणि दोन वडील आहेत, आणि त्यात कुणाला वावगं वाटत नाही. मग एक साम्राज्य येतं. आधी व्यापार, मग कागदी चलन, मग शाळा आणि आरोग्याचे नियम. शेवटी दोन वडिलांचं घर गुन्हा ठरतं. आपल्याकडे मेकॉलेच्या मसुद्यातून आलेलं भारतीय दंडविधान 1860 चं. त्यातलं कलम 377 हे 1862 पासून लागू झालं आणि सज्ञानांच्या संमतीच्या संबंधांपुरतं ते सर्वोच्च न्यायालयाने 6 सप्टेंबर 2018 ला रद्द ठरवलं. पण म्हणून सगळा दोष इंग्रजांच्या माथी मारता येत नाही. सामवानाच्या बापाची हरकत अस्सल देशीच होती.

देशी परंपरेत या यंत्रणेशी थेट झुंजलेली कथा राजस्थानीत आहे, विजयदान देथांची ‘दोहरी जूण’. दोन शेठजी मुलं जन्मण्याआधीच सोयरीक ठरवतात. दोघांनाही मुली होतात, पण हुंड्याच्या लोभाने एक जण मुलीला मुलगा म्हणून वाढवतो. लग्न लागतं. पहिल्या रात्री खरं कळतं, आणि बीजा व तीजा एकमेकींना जीव लावतात. गाव उठतं. दोघी गाव सोडून भुतांच्या वस्तीत जातात, आणि माणसांनी नाकारलेला आसरा भुतांचा मुखिया देतो. पुढे बीजा त्याच्या वराने पुरुष होते आणि पुरुष होताच नवरेशाही गाजवू लागते. अखेर ती पुन्हा स्त्री होते. पुराणात देह बदलला की प्रश्न सुटला. देथांनी तोच तोडगा घेऊन त्याची किंमत दाखवली. देवदत्त पट्टनायक यांनी 2008 च्या ‘द प्रेग्नंट किंग’ या कादंबरीत विदर्भातलीच ती ब्राह्मणपुत्रांची जोडी घेतली; तिथे राजा त्यांना देहदंड देतो, आणि राण्यांसाठी मंतरलेलं पाणी पिऊन स्वतःच गर्भार राहतो. न्याय देणाऱ्याच्याच पोटात गुपित वाढतं.

मराठीत अद्भुताची परंपरा जुनी आहे. रिसबुडांची ‘मंजुघोषा’ 1868 ची. पुढे नाथमाधवांचा ‘वीरधवल’ आला, नारायण धारपांची भुतं-पिशाच्चं आली, जयंत नारळीकरांचं विज्ञान आलं, हॅरी पॉटरही मराठी बोलू लागला. त्यातल्या डम्बलडोरचं एका पुरुषावर प्रेम होतं हे लेखिकेने 2007 मध्ये, सातही भाग छापून झाल्यावर, न्यूयॉर्कला सांगितलं; पुस्तकात ते उघडपणे नाहीच. आपल्या अद्भुतकथेत तर राक्षस, चेटकीण, परग्रहवासी सगळ्यांना घर मिळालं. दोन नवरदेव मांडवाबाहेरच राहिले.

त्यांना आत घेण्याचं काम मराठीत वास्तववादी लेखकांनी केलं. तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं; रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेली, स्त्रीवर प्रेम करणारी मित्रा कुणाची माफी मागत नाही, पण शेवट तिच्या आत्महत्येत होतो. बिंदुमाधव खिरे यांनी 2002 मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट काढला आणि ‘पार्टनर’सारखं पुस्तक लिहिलं. चेतन दातार यांच्या ‘एक माधवबाग’ या नाटकात आई मुलाची डायरी वाचते. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’त (2006) भाऊ आणि बहीण एकाच भाडेकरूवर प्रेम करतात. बहिणीचं दुःख घराला कळतं, तिच्यासाठी धावाधाव होते. भावाला मात्र आपलं दुःख तोंडातल्या तोंडात गिळावं लागतं. रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ या चित्रपटाला जानेवारी 2025 मध्ये सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला. वडिलांच्या सुतकात दहा दिवस गावी अडकलेला आनंद आणि शेतकरी बाळ्या यांच्या या गोष्टीत कुणी काठी उगारत नाही. सुतकातही नातेवाईक लग्नाचा विषय काढतात, पुन्हा काढतात, आणि या काळजीचाच काच होतो.

मराठी पूर्वग्रहाची हत्यारं ही अशी आहेत: लग्नाची घाई, आईची शपथ, सातबारा, ‘लोक काय म्हणतील’, आणि हसणं. वधस्तंभ आणि चिता इथे उसन्या वाटतात.

त्यातलं हसणं पाहायचं तर गोंदिया जिल्ह्यात तिरोडा तालुक्यातल्या बोदलकसा परिसरात भाऊबीजेनंतर यावं. इंग्रजांच्या काळात बांधलेला जलाशय, भोवती डोंगर, पलीकडे नागझिऱ्याचं जंगल. धान कापणीला आलेलं असतं आणि गावोगाव मंडईची जत्रा भरते. रात्री दंडारीचं लोकनाट्य. लुगडं नेसलेला, ओठांना लाली लावलेला गडी ढोलकीवर पुढे येतो, नखरा करतो. बाया पदर तोंडाला लावून हसतात, पोरं शिट्ट्या मारतात, कुणी खुशीने दहाची नोट पुढे करतं. तोच गडी सकाळी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, विळा चालवताना जरा मुरकून चालला, तर तीच पोरं त्याला नाव ठेवतात. मंचावर परवानगी, बांधावर टिंगल. ‘नटरंग’मधल्या, नाच्या झालेल्या गुणाची फरफट याच दोन टोकांमध्ये झाली. त्याचं प्रेम कुणावर आहे याच्याशी टवाळांना कर्तव्य नव्हतं. चालण्याची ढब त्यांना पुरली.

आता याच मातीतून जग रचून पाहू. समजा, तळ्याला एक राखणदार देवता आहे आणि गाळ काढणाऱ्या प्रत्येक चुलीला ती पाण्याची एक पाळी देते. दोन पुरुषांनी एक चूल मांडली तर पाळी एक की दोन? एकाच्या वाट्याची बांधी आज ना उद्या पुतण्यांकडे जायची होती. आता ती जोडीदाराकडे जाईल. मग पुतणे देवतेच्या नावाने नियम काढतील, पुजारी तो खरा ठरवील, आणि मंडईतलं हसणं त्या नियमाची अंमलबजावणी करील. यातून सुटणारेही असतील: मोहफुलं वेचणाऱ्या दोन विधवा वर्षानुवर्षं एका छपराखाली राहतात आणि त्यांना कुणी विचारत नाही, कारण त्यांच्या नावावर जमीनच नाही. एवढं ठरलं की खलनायकाला धर्मोपदेश करावा लागत नाही. पाण्याचा हिशेबच बोलतो.

काही लेखक म्हणतील, आम्हाला हा छळ लिहायचाच नाही. तीही रास्त वाट आहे, फक्त ती सोपी नाही. पूर्वग्रह नसलेलं जग रचायचं तर त्यात वारसा, दत्तक, सुतक, नातेवाचक हाका सगळंच नव्याने बसवावं लागतं. खऱ्या देशात 17 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला; म्हणजे ही मांडणी कायद्यालाही जमलेली नाही. लेखकाला मात्र कुठल्या खंडपीठाची परवानगी लागत नाही.

वाट कुठलीही निवडा, त्या दोन नवरदेवांची गोष्ट छळावर सुरू होऊन छळावर संपू देऊ नका. त्यांना पाळीवरून शेजाऱ्याशी भांडू द्या, एकमेकांशी खोटं बोलू द्या, चुकीच्या राजाच्या बाजूने लढू द्या, म्हातारं होऊ द्या. पूर्वग्रहाला कथेत जेवढी पानं द्याल, त्याहून चार पानं जास्त त्यांच्या संसाराला द्या.