दिसेल ते मोजा, मोजाल ते लिहा

दरवर्षी फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही पक्षीगणना होते. भारत २०१३ पासून तीत सहभागी आहे. तरीही या गणनेबद्दल काही समज घट्ट बसले आहेत.

गैरसमज : हे तज्ज्ञांचे काम आहे.
वस्तुस्थिती : ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हा देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीवरचा २०२३चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर भरलेल्या अशाच सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यांत हौशी मंडळीच जास्त. निदान पंधरा मिनिटे एका जागी थांबून किंवा फिरत पाहायचे आणि ‘ई-बर्ड’वर यादी भरायची. वेगळी वाटणारी नोंद जाणकार स्वयंसेवक तपासतात आणि गरज पडल्यास फोटो किंवा वर्णन मागतात.

गैरसमज : एकच कावळा दोनदा मोजला, की सगळे आकडे खोटे.
वस्तुस्थिती : देशात कावळे नेमके किती, हे इथे शोधायचेच नसते. शंभर याद्यांपैकी किती याद्यांत कावळा आहे आणि हे प्रमाण वर्षानुवर्षे कसे बदलते, ते पाहायचे असते. म्हणून वेळ, ठिकाण आणि चाललेले अंतर लिहिणे महत्त्वाचे.

गैरसमज : साळुंकी-बुलबुल काय लिहायचे? दुर्मीळ पक्षी दिसला तरच नोंद करावी.
वस्तुस्थिती : ओळखता आलेले सगळे पक्षी लिहिले, तरच यादी पूर्ण. अशा यादीत एखादा पक्षी नसणे हीसुद्धा माहिती असते. तारांवर सहज दिसणारा, दसऱ्याला ज्याचे दर्शन शुभ मानतात तो नीलपंख कमी होतोय, हे अशाच याद्यांमधून कळले. त्याच्या जागतिक संवर्धन-दर्जाचा फेरविचार व्हावा, अशी शिफारस या अहवालाने केली.

गैरसमज : चिमणी देशातून नाहीशी होत चालली आहे.
वस्तुस्थिती : मोठ्या महानगरांत ती घटली, पण देशभरचे चित्र पाहता तिची संख्या बरीचशी स्थिर आहे.

गैरसमज : मोजून पक्षी वाचत नाहीत.
वस्तुस्थिती : नुसते मोजून नाहीच वाचत. पण पैसा आणि माणसे मोजकी असताना आधी कुणाकडे धावायचे, हे ठरवावे लागते. २०२३च्या अहवालाने ९४२ प्रजाती तपासून १७८ प्रजातींना संवर्धनात सर्वोच्च अग्रक्रम दिला. ही निवड नोंदींशिवाय झाली असती, तर ती निव्वळ अंदाजपंचे ठरली असती. पुढची अग्रक्रमाची यादी अधिक नेमकी हवी असेल, तर जिथून नोंदीच येत नाहीत अशा गावशिवारांतून मोजणारे पुढे यायला हवेत.